स्की उलटायचे शनिवार

एप्रिल संपत आला होता. टेक्सासच्या फ्रिस्को गावातल्या सामान ठेवायच्या गोदामाच्या ऑफिसात एक माणूस खांद्यावर स्कीची जोडी घेऊन उभा होता. बाहेर ऊन असं तापलेलं की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही, आणि हा हाफ पँट, पायात चपला, खांद्यावर बर्फावर घसरायच्या त्या लांबलचक फळ्या... मला हसू आलं. त्या दिवसांत मला हसू येणं ही बातमीच होती.

काउंटरवरची मुलगी त्याला समजावत होती की एसी असलेल्या सगळ्या खोल्या भरल्यात, बिनएसीची हवी असेल तर आत्ता देते. त्याने स्कीकडे बघितलं आणि हळूच, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "चला रे बाबांनो. इथे ठेवलं तर तुमची भाजी होईल."

मराठीत!

"भाजी नाही, पापड," मी म्हणाले.

तो इतक्या झटकन वळला की स्कीच्या टोकाने काउंटरवरचं माहितीपत्रकांचं स्टँड आडवं झालं. मग आम्ही दोघं खाली बसून ती पत्रकं गोळा करत होतो. तो सॉरी म्हणत होता, मी हसू दाबत होते. त्याचं नाव शंतनू. नागपूरचा. आठ वर्षं बर्फाळ डेन्व्हरला नोकरी करून कंपनीने इकडे टेक्सासला पाठवलेला. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस बर्फाच्या नादी कसा लागला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "म्हणूनच तर लागला."

मी तिथे माझी खोली रिकामी करायला गेले होते. सिद्धेश, माझा नवरा, दोन वर्षांपूर्वी गेला. हार्ट अटॅक... छत्तिसाव्या वर्षी. त्याचे कपडे, पुस्तकं, बॅट, बूट, सगळं मी खोक्यांत भरून त्या गार खोलीत ठेवून दिलं होतं. घरात ठेवायची ताकद नव्हती आणि कुणाला देऊन टाकायचीही नव्हती. आता मात्र पुरे झालं असं वाटून मी खोकी घरी न्यायला आले होते. ती खोली शंतनूला मिळाली असती तर बरं झालं असतं, पण तिच्यासाठी आधीच नंबर लागलेले होते.

"मग माझ्या घरी ठेव," मी म्हणाले.

विचार करायच्या आधी तोंड चालतं, हा माझा जुना गुण. म्हणाले खरी, आणि मग सारवासारव करत बसले. सासूबाईंना उकाडा सोसत नाही म्हणून आमचा एसी दिवसरात्र चालू असतो, जिन्याखालचं कपाट घराच्या अगदी मधोमध आहे, तिथे ऊन नाही, दमट नाही, रिकामंच पडलंय... तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुझी खोकी गाडीत चढवून देतो. म्हणजे फुकट नको."

खोक्यांवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : सिद्धेश, शर्ट. सिद्धेश, पुस्तकं. शंतनूने ते वाचलं असणार. त्याने एकही खोकं आडवं पडू दिलं नाही, सगळी सरळ आणि अलगद ठेवली. मला वाटतं, मला तो आवडायला लागला तो तिथेच, त्या पार्किंगमध्ये. पण तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

त्या शनिवारी तो एक जड पिशवी घेऊन आला. तिच्यातून छोटी इस्त्री निघाली, ब्रश निघाला, मेणाची वडी निघाली. गॅरेजमध्ये दोन स्टुलांवर स्की उलट्या घालून त्याने काम सुरू केलं. आधी तळ पुसला, मग पोलादी कडांवरचे गंजाचे ठिपके रबरासारख्या एका दगडाने घासले. मग गरम इस्त्रीला मेण टेकवलं आणि थेंब थेंब मेण स्कीभर सांडत इस्त्री फिरवली. मेणाचा गोडसर वास सगळ्या गॅरेजभर पसरला.

आई दारात येऊन उभ्या राहिल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मालिनीबाई. साताऱ्याच्या शाळेत सारा जन्म शिकवण्यात गेला, त्यामुळे कुणी काही करताना दिसलं की त्या परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाहीत. त्यांना सिद्धेशशिवाय दुसरं मूल नाही. तो गेल्यावर त्यांना साताऱ्याला कुणाकडे पाठवायचं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आम्ही दोघी होतो, आणि आम्हीच होतो.

"मेण पुसणार नाहीस?" त्यांनी विचारलं.

शंतनू म्हणाला, हिवाळ्यात पुसतात, म्हणजे खरवडून काढतात. पण उन्हाळाभर ठेवायचं असेल तर जाड थर तसाच राहू द्यायचा, मग तळ कोरडा पडत नाही आणि कडा गंजत नाहीत.

"लोणच्यावर तेल ठेवतो तसं."

"अगदी तसंच, काकू," तो म्हणाला, आणि आईंनी त्याला पास केलं.

पण आईंचं प्रेम म्हणजे प्लॅस्टिक. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये असतो, पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. परक्या मुलाची एवढी महागाची वस्तू आपल्याकडे आहे म्हटल्यावर त्यांनी ती प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळली, चिकटपट्ट्या मारल्या आणि आत मूठभर डांबराच्या गोळ्या टाकल्या. दोन आठवड्यांनी शंतनू सहज बघायला आला, तेव्हा आत घाम धरला होता आणि कडांवर तांबूस ठिपके उमटले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मात्र आईंसमोर एक अक्षर काढलं नाही. गोळ्यांमुळे छान वास आलाय म्हणाला, आणि एखादं जुनं सुती पातळ मिळेल का असं विचारलं. आईंनी आनंदाने एक मऊ झालेलं पातळ फाडून दिलं. त्याने ठिपके घासून काढले, पुन्हा मेण लावलं आणि स्की त्या पातळात सैलसर गुंडाळल्या.

मग जाताना दारात थबकला.

"एक गोष्ट सांगायची राहिली... या स्की दर दुसऱ्या शनिवारी उलटाव्या लागतात."

"का?"

"म्हणजे... एका बाजूला कलल्या की वाकतात."

त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून वाचून काढलं. स्की उलटाव्या वगैरे काही लागत नाहीत. एकदा मेण लावून गार जागी ठेवल्या की ऑक्टोबरपर्यंत त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका, असं सगळीकडे लिहिलं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

तर असे ते शनिवार सुरू झाले. दर दुसरा म्हणता म्हणता दर शनिवार झाला.

"आज डावी उलटायची की उजवी?" मी विचारायची.

"दोन्ही. पण हळूहळू. घाई केली की रुसतात त्या."

"आणि तोवर त्यांच्या मालकाने काय करायचं?"

"चहा घ्यायचा. तो मेंटेनन्सचाच भाग आहे यार."

कपाटात तो पाच मिनिटं असायचा आणि स्वयंपाकघरात तीन तास. आई थालीपीठ लावायच्या, तो फरशीवर मांडी घालून खायचा. स्कीचे बूट आठवणीने आणायचा, त्यांची आतली अस्तरं काढून उन्हाआड वाळवायचा, आणि बकल अगदी सैल लावून ठेवायचा, नाहीतर प्लॅस्टिक आकार सोडतं म्हणे. तो वस्तूंना हात लावायचा तेव्हा मी बघत राहायची. मग तो वर बघायचा... आणि मला अचानक गॅसवरचं दूध आठवायचं. गॅसवर दूध नसायचंच.

मेच्या शेवटी एका शनिवारी आकाश हिरवट झालं. टेक्सासमध्ये आकाश हिरवं झालं की माणसं बोलायची थांबतात. आधी टपोरे थेंब, मग गारा, लिंबाएवढ्या गारा, पत्र्यावर दगड फेकावेत तशा छपरावर, आणि मग गावभर वादळाचा भोंगा वाजायला लागला. तिघांचेही फोन एकदम किंचाळले. टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं वादळ, आलं की घराच्या मध्यात, बिनखिडकीच्या जागी शिरायचं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या घरात तशी जागा एकच होती.

आम्ही तिघं जिन्याखालच्या कपाटात घुसलो. मध्ये आई, एका बाजूला मी, एका बाजूला शंतनू, आणि पाठीमागे पातळात गुंडाळलेल्या त्या दोन स्की. वीज गेली. अंधारात मेणाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि बाहेर घर हलवणारा वारा. माझा हात आईंच्या पाठीमागून स्कीला टेकला होता. तिथे आधीच दुसरा हात होता... तो सरकला नाही. मीही सरकवला नाही. त्याची बोटं मेणासारखी गुळगुळीत असतील असं मला उगाच वाटायचं, ती खरखरीत निघाली.

आईंनी अंधारात शंतनूचा दुसरा हात धरला आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस सिद्धेश. मी आहे ना."

भोंगा थांबला तेव्हा आम्ही बाहेर आलो. मागच्या अंगणात गारांचा पांढरा सडा पडला होता. आई चहा टाकायला गेल्या, जणू काही झालंच नव्हतं. मी शंतनूला म्हणाले, घाबरल्या होत्या म्हणून असेल. तो म्हणाला, असेल. दोघांनाही ते पटलं नव्हतं.

जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं ते मी आधीच ओळखलेलं होतं. आईंची आठवण जायला लागली होती. जुनं सगळं शाबूत राहील, अलीकडचं पुसत जाईल. आणि सिद्धेशचं जाणं हे अलीकडचं होतं.

आई शंतनूला सिद्धेश म्हणायच्या. मी हळूच सुधारायची. म्हणायची, आई, हा शंतनू, सिद्धेश गेला ना. मग त्यांचा चेहरा माझ्यासमोर कोसळायचा. "गेला? कधी? मला कुणी सांगितलं का नाही?" आणि त्या रडायच्या, पहिल्या दिवशी रडल्या होत्या तशाच. तासाभराने विसरायच्या. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. एकच बातमी मी त्यांना किती वेळा दिली, ते मला मोजायचं नाही.

जूनच्या शेवटी एका शनिवारी आईंनी ओट्यापासून हाक मारली, "सिद्धेश, ताट घे रे." मी तोंड उघडणार तोच शंतनू म्हणाला, "हो आई."

मी त्याला अंगणात नेलं आणि नको नको ते बोलले. तुला हक्क काय, म्हणाले. तो माझा नवरा होता, तुझं सोंग नव्हे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्यांना दर वेळी नव्याने रडवायचं का, नेत्रा?"

एवढंच म्हणाला. आतून आई मजेत गुणगुणत भाकऱ्या थापत असल्याचा आवाज येत होता, किती महिन्यांनी. मी आत जाऊन ताट घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. त्या दिवसापासून तो आमच्या घरात सिद्धेश झाला.

जुलैत एकदा असाच मोठा पाऊस पडून गेला होता. आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो. पागोळ्या थेंब थेंब गळत होत्या, आणि तापलेल्या सिमेंटमधून वाफ येत होती. शंतनू बराच वेळ चपलेचा पट्टा काढत-लावत होता.

"एक कबूल करायचंय... स्की उलटायच्या नसतात."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू सांगितलंस त्याच संध्याकाळपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू यायचा थांबला असतास."

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, आणि मग अगदी साधेपणाने म्हणाला की तो माझ्यावर प्रेम करतो, गोदामाच्या काउंटरवरच्या त्या पापडापासून. मी म्हणाले, मीही. एवढं सोपं होतं ते. दोन वर्षं मी समजत होते की माझ्या आतलं ते सगळं सिद्धेशबरोबर गेलं. तसं नव्हतं. त्याने माझा हात हातात घेतला, तेव्हा आतून आईंनी सिद्धेशला भजी गरम आहेत म्हणून हाक मारली, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. तेव्हा हसू येत होतं.

ऑगस्ट चांगला गेला. इतका की कंपनीने त्याला डेन्व्हरला परत बोलावलं ते त्याने मला सहज, कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं. मी नाही म्हणणार आहे, असंही त्याच दमात सांगितलं. मी खूश झाले.

सप्टेंबरमधली ती संध्याकाळ. आता शंतनू शनिवारखेरीज अधेमधेही यायला लागला होता. ऑफिसातून यायला उशीर झाला होता. स्वयंपाकघरात ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून, निळ्या चौकडीच्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडून कुणीतरी कांदा चिरत होतं. तो शर्ट मी ओळखत होते. त्याचं तिसरं बटण मी लावलेलं होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने.

"सिद्धेश..."

आईंनी नाही, मी म्हणाले. माझं तोंड म्हणालं. आणि त्या एका क्षणात जो आनंद माझ्या अंगातून गेला, तसा मला जन्मात कधी झाला नव्हता. तो परत आला होता. काही घडलंच नव्हतं.

"हं, आलीस? चहा टाकू?" शंतनू न वळताच म्हणाला.

मग सुरी थांबली. त्यालाही ऐकू आलं होतं, मी काय म्हणाले ते आणि त्याने कशाला ओ दिली तेही. तो वळला. चेहरा पांढराफटक.

"काकूंनी खोकं उघडलं," तो म्हणाला. "घाल म्हणाल्या. मी... त्यांना नाही म्हणता आलं नाही."

त्या शर्टात तो बिचारा काही चुकीचं करत नव्हता. एका म्हातारीचा मुलगा तिला परत देत होता, दर शनिवारी, हसतमुखाने. चूक असली तर ती त्या आनंदात होती, जो मला शंतनूला बघून झालाच नव्हता. मी त्या रात्री जेवले नाही.

पुढच्या शनिवारी मी त्याला सांगितलं, डेन्व्हरला हो म्हण.

आम्ही गाडीत बसून बोललो, घराबाहेर, म्हणजे आईंना ऐकू जाऊ नये. त्याने आधी थट्टेवारी नेलं. मग त्याला कळलं की मी खरंच म्हणतेय.

"आपण तिघंही जाऊ," तो म्हणाला. "काकूंना तिकडची हवा मानवेल."

"तिकडेही तू सिद्धेशच असशील. आणि मी त्यांना अडवणार नाही, कारण तू म्हणाला होतास ते खरं आहे, त्यांना दर वेळी का रडवायचं. पण मग तू कुठे राहशील, शंतनू?"

"मला चालतं. नावाने काय होतं?"

"मला नाही चालत. मी तुला त्याच्या नावाने हाक मारली आणि तू ओ दिलीस. मला माझा नवरा परत नकोय रे. मला तू हवायस. पण या घरात तू दर शनिवारी थोडा थोडा संपत चाललायस... आणि उद्या मी तुझ्या गळ्यात पडेन तेव्हा कुणाच्या गळ्यात पडतेय, हे मलाच कळणार नाही. तसं प्रेम मी तुझ्यावर करणार नाही. तुझ्यावर अन्याय आहे तो."

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. मग म्हणाला, "आणि काकूंची दुसरीकडे कुठे सोय..." आणि त्याने स्वतःच मान हलवली. ते वाक्य त्याला पुरं करता आलं नाही, म्हणून मला तो आणखी आवडला. आईंना कुठे ठेवून जायचं? त्यांना आता माझ्याशिवाय कुणाचा चेहरा खात्रीने ओळखता येत नव्हता.

"तू थांब म्हणालीस तर थांबेन."

"माहीत आहे. म्हणून तर म्हणत नाही."

ऑक्टोबर उजाडला. त्याने घर सोडलं, सामान पुढे पाठवलं, आणि शेवटी स्की न्यायला आला तो नेमका खंडेनवमीच्या दिवशी. आईंना काल काय जेवलो ते आठवत नसे, पण सणवार त्यांच्या हाडात होते. देवासमोर पाट मांडून त्यांनी घरातली सगळी हत्यारं पुजली होती : विळी, शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, पातळातून सोडवलेल्या शंतनूच्या स्की. त्यांच्यावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली, टोकांना झेंडूच्या माळा.

शंतनू हात जोडून उभा राहिला. मग म्हणाला, घेऊन जाऊ ना?

आईंनी डोळे वटारले. आज हत्यारांना विश्रांती असते, पूजेतली वस्तू जागची हलवायची नाही, उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की ने. तो माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे. मी एका शब्दाने म्हणू शकले असते की आई, त्याला घाईने जायचंय. नाही म्हटलं. एक दिवस फुकट मिळत होता, आणि मी हावरट झाले होते.

त्या दिवसात आम्ही काही केलं नाही. त्याने नळाचं गळणं दुरुस्त केलं. मी श्रीखंडासाठी चक्का टांगला. दुपारी आई झोपल्या तेव्हा आम्ही पूजेसमोर फरशीवर बसून राहिलो, भिंतीला पाठी टेकून, खांद्याला खांदा लावून. तो मला पहिल्या बर्फाच्या गोष्टी सांगत होता, कसा आवाज येत नाही, कसं आपलंच श्वास घेणं ऐकू येतं. मी त्याच्याकडे बघत होते. डाव्या भुवईत एक छोटा व्रण होता. सिद्धेशला तो नव्हता. मी तो व्रण पाठ केला.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. त्याने स्की गॅरेजमध्ये नेल्या आणि उन्हाळाभर जपलेलं मेण खरवडायला घेतलं. खरवडणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची आणि मेणाच्या पातळ सुरळ्या निघायच्या, पांढऱ्या, आणि हळदकुंकू लागलं होतं तिथे पिवळ्या-लाल. मला म्हणाला, तूही कर. माझ्या हातावर हात ठेवून त्याने दाब किती द्यायचा ते दाखवलं. खाली काळाभोर तळ आरशासारखा चमकायला लागला. डोळ्यांत पाणी आलं की मी मेणाचा वास उग्र आहे म्हणायची. तोही तेच म्हणत होता.

"एप्रिलमध्ये पुन्हा आणल्या तर?" त्याने विचारलं. "ठेवायला."

"तिकडे गारच असतं. कुठेही ठेव."

मेणाच्या सुरळ्या झाडून त्याने डब्यात टाकल्या, स्की गाडीच्या टपावर बांधल्या, पट्टे दोनदा ओढून बघितले.

आई ओवाळणीचं ताट घेऊन दारात आल्या. परसातल्या कुठल्याशा झाडाची पानं सोनं म्हणून त्याच्या हातात ठेवली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि पोचलास की फोन कर, उपाशी राहू नकोस, सिद्धेश, असं सगळं सांगितलं. तो त्यांच्या पाया पडला. "येतो, आई," म्हणाला. मग माझ्याकडे वळला.

"शंतनू," मी म्हणाले. मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं. एकदा, स्पष्ट, त्याचं नाव त्याला देऊन पाठवायचं होतं.

त्याचे डोळे भरले. त्याने मान हलवली आणि गाडीत बसला. गल्लीच्या वळणावर दोन पांढरी टोकं टपावर दिसली, मग दिसेनाशी झाली. बारा-तेरा तासांचा रस्ता होता.

आत आल्यावर आई सोफ्यावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, सिद्धेश कुठे गेला. मी म्हणाले, डेन्व्हरला, नोकरी आहे तिथे. त्या तोंडभर हसल्या. मुलाला चांगली नोकरी होती आणि तो जिवंत होता. मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं आणि त्या माझ्याकडे काळजीने बघायला लागल्या.

"आणि तू इथे काय करतेयस?" त्या म्हणाल्या. "एवढा जीव लावणारा माणूस, एकटा गेला एवढ्या लांब. तू का नाही गेलीस गं त्याच्याबरोबर?"

मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले.

"जायचं होतं, आई," मी म्हणाले, आणि मग मला आवरलं नाही. मी त्यांच्या मांडीत तोंड घातलं आणि ढसाढसा रडले. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, समजूत घालत होत्या, की रडू नकोस, येईल तो, माझा सिद्धेश आहे, मी ओळखते त्याला. दोन वर्षांत मी सिद्धेशसाठी खूप रडले होते. त्या दुपारी मात्र त्यांच्या मांडीवर मी सिद्धेशसाठी रडत नव्हते. मी फक्त शंतनूसाठी रडत होते, आणि ते त्यांना कधीच सांगता येणार नव्हतं.